गोलातल्या फुल्या

१२ जानेवारी

आई रिबीन दातांत धरायची. दोन्ही टोकं ओठांबाहेर लोंबताहेत आणि हातांनी माझी वेणी चाललेली. तेवढ्यात बोलायचंही असायचं तिला — "मान शरळ ठेव! हलू नकोश!" — दातांतल्या दातांत. मी हसायचे. हसले की वेणी वाकडी. मग पुन्हा उकलायची, आणि रिबीन पुन्हा दातांत. तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये बारीकशी फट होती, रिबीन बरोबर तिथे अडकायची. रोज सकाळी, शाळेला उशीर होत असला तरी. मी दहा वर्षांची असेन.

आज हे आठवलं, कारण आज आईचं तोंड माझ्या टेबलावर आलं. म्हणजे साचा. आई दादाकडे असते, तिथल्या दातांच्या डॉक्टरने माप घेऊन पाठवला. पांढऱ्या प्लॅस्टरचा वरचा जबडा, खालचा जबडा, डबीवर माझं माहेरचं आडनाव. मालक म्हणाले, "बाई, घरचं काम दिसतंय!" चोवीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या करते. आईची पहिली कवळीही मीच केली होती, डॉक्टरांनी लिहिली तशी, सरळ दातांची. आता हिरड्या झिजल्या, ती ढिली झाली. जेवताना काढून हातात घेऊन बसते म्हणे.

साचा तळहातावर घेतला. केवढासा! एवढ्या तोंडातून माणूस मला रागवायचं, हाका मारायचं, गाणं गुणगुणायचं.

आईशी माझं भांडण नाही. बोलणं आहे. कशी आहेस — बरी. औषध घेतलंस — घेतलं. चाळीस वर्षं हेच! बाराव्या वर्षी तिने मला सिस्टरांच्या होस्टेलवर ठेवलं, बसने तीन तास लांब. का, ते तिने कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती — तू नको होतीस म्हणून. ही भीती. एक्कावन्न वर्षांची बाई मी, आणि अजून तीच भीती.

ती शहाऐंशीची झाली. कवळीच्या निमित्ताने जाईन तेव्हा विचारणार. ठरलं.

हे लिहितानाही मानेवरून घाम ओघळतोय. जानेवारीत!

१५ जानेवारी

हेडमास्तरांची वरची कवळी किराणावाल्याच्या डबीत घातली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा!

१९ जानेवारी

मालक रागावले नाहीत, हेच वाईट. नुसते म्हणाले, "बाई, हेडमास्तर दोन दिवस दुसऱ्याच्या दातांनी वर्गावर ओरडत होते. तुमची तब्येत बरी ना?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत उभी राहिले.

काहीतरी बिघडलंय माझ्यात. मेण वितळवायला छोटी बत्ती असते टेबलावर. परवा मला वाटलं कुणीतरी ती मोठी केली. पाहिलं तर बत्ती विझलेली! आग माझ्याच अंगात. शब्द आठवत नाहीत. काल शेजारणीकडे चिमटा मागायचा होता, शब्दच सापडेना, नुसती बोटं उघडमीट करत राहिले. झोपेचं तर खोबरं झालंय. आणि अंगावरून जाणं — थांबतच नाही. मग सात आठवडे काहीच नाही. मग पुन्हा धबधबा.

शेजारच्या टेबलावर कवळ्यांना चकाकी देते ती बाई — आम्ही तिला चकाकीच म्हणतो — माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मशीन बंद करून सरळ विचारलं तिने, "ताई, पाळीचं काय चाललंय तुझं?" सगळ्यांसमोर! मी शरमेने लाल. आम्हाला होस्टेलवर शमीज घालून आंघोळ करायला लावायचे, स्वतःचं अंग स्वतःला दिसू नये म्हणून. तो शब्द मी नवऱ्यासमोरही 'अडचण' म्हणून काढते.

चकाकी म्हणाली, "लाजून रक्त थांबत नाही. डॉक्टरीणबाईंकडे जा. नाहीतर मी हाताला धरून नेते."

२५ जानेवारी

गेले. चकाकी खरंच बरोबर आली, बाहेर बाकावर बसून राहिली.

डॉक्टरीणबाई तिशीतली असेल. माझ्या भाचीएवढी. मी आपली सुरुवात केली, "जरा अशक्तपणा वाटतो…" तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "झोप? घाम? चिडचिड? विसरायला होतं? रडू येतं का, उगाच?" एकेक विचारत गेली, मी मान हलवत गेले. शेवटच्या प्रश्नाला रडायलाच लागले. तिने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि थांबली. घाई नाही केली.

याला पेरिमेनोपॉज म्हणतात. पाळी जाण्याच्या आधीची वर्षं. वर्षं! मला वाटायचं, एके दिवशी पाळी जाते, दिवा मालवावा तशी. ती म्हणाली, "नाही हो. दिवा आधी चार-सहा वर्षं फडफडतो. शरीरातली संप्रेरकं कधी वर, कधी खाली. झोप, मन, आठवण, सगळ्यांवर परिणाम होतो. तुम्ही वेड्या होत नाही आहात."

मी हे वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिने म्हटलं.

रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. वाईट काही नाही, पण रक्त खूप कमी. लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव आवरायच्या गोळ्या. गरज वाटली तर संप्रेरकांचे उपचारही आहेत, सावकाश ठरवू म्हणाली. आणि एक गृहपाठ — कॅलेंडरवर रोज खूण. अंगावरून गेलं त्या दिवशी फुली. "दर वेळी येताना घेऊन या. म्हणजे मला तुमचा महिना दिसेल."

बाहेर आले. चकाकी म्हणाली, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "वेडी नाही म्हणाली." ती म्हणाली, "ते मी फुकट सांगितलं असतं."

३ फेब्रुवारी

कॅलेंडर फ्रिजवर लावलंय. नऊ फुल्या आत्ताच. नवऱ्याला सांगितलं सगळं. त्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकलं, मग उठून पंखा माझ्याकडे वळवला. "अजून काय करू?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही, विचारत जा." तर आता दर अर्ध्या तासाने विचारतो, "काही करू का?" काल म्हटलं, "हो, गप्प बस!" दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

आईच्या कवळीचे मेणातले दात लावायला घेतले. वरची ओळ अर्धी झाली. दोन दात वाकडे बसले, ते पुन्हा काढले.

९ फेब्रुवारी

आज मी काय बोलले!

लेकीने ओला टॉवेल पलंगावर टाकला. टॉवेल! रोजचाच. मी सुरू झाले आणि थांबेचना. माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. ती म्हणाली, "आई, एवढं काय झालंय?" आणि मी म्हणाले, "जा, होस्टेलला जा! तिथे गेलीस म्हणजे तरी सुटेन मी!"

सोळा वर्षांची आहे. उंचीने माझ्यापेक्षा मोठी. तिने टॉवेल उचलला, वाळत घातला, चारी कोपरे नीट ताणून.

१० फेब्रुवारी

तिने आज टॉवेल वाळत घातला. डबा घासला. माझी चप्पलसुद्धा सरळ करून ठेवली. मला बघवत नाही.

१३ फेब्रुवारी

लगेच लिहून काढते.

शनिवार म्हणून अर्धा दिवस. घरी आले तर लेक फ्रिजसमोर उभी. पाठमोरीच म्हणाली,

"आई, या फुल्या कसल्या?"

मी म्हटलं, "काही नाही, माझं आपलं."

"मोजल्या मी. आपलं भांडण होतं त्या दिवशी असतात. सगळ्या नाही, पण बऱ्याच." मग जरा थांबून, "मी होस्टेलला गेले तर बंद होतील का?"

मी खालीच बसले, फरशीवर.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर होतं. आई त्यावर पेन्सिलीने फुल्या मारायची. मी तेव्हा गावातल्याच सिस्टरांच्या शाळेत होते, दिवसाच्या. तिथे प्रत्येकीचं वर्तनाचं कार्ड असायचं. बडबड केली — फुली. रांग मोडली — फुली. महिन्याला दहा फुल्या झाल्या की मदरांपुढे उभं राहायचं. मग आई फुली मारते म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरजच नव्हती! मी कप फोडला त्या दिवशी फुली होती. मी उलट बोलले त्या दिवशीही होती. एकदा दोन महिने एकही नाही! केवढी खूश होते मी. चांगली झाले म्हणून.

आणि मग ओळीने चौदा. मला कळेचना मी काय केलं. मी ताट घासायला लागले. चपला सरळ करायला लागले. वेणी घालताना हसायचं बंद केलं. तरी फुल्या वाढतच गेल्या. आणि जूनमध्ये ट्रंक भरली गेली.

मी आयुष्यभर मोजत आले की मी किती वाईट होते. चौदा दिवस ओळीने वाईट.

आई तेव्हा सत्तेचाळीसची होती! सत्तेचाळीस!

१४ फेब्रुवारी

लेकीला सगळं सांगितलं. 'अडचण' नाही म्हटलं. पाळी म्हटलं. तिला पहिल्यांदा आली तेव्हा मी नुसतं पाकीट आणि एक पुस्तक उशीवर ठेवलं होतं, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसले होते.

ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "एवढंच? आई! मला वाटलं तू आणि बाबा वेगळे होताय!"

मग रडली. मीही. म्हटलं, "होस्टेलचं मी बोलले ते…" ती म्हणाली, "बोललीस ते लागलं." हो, लागणारच. मी माफी मागितली. माझ्या घरात आजवर कुठल्या आईने लेकीची माफी मागितली नसेल.

संध्याकाळी फ्रिजवर पाहिलं तर मला गरम वाफा आल्या त्या दिवशी तिने छोटे पंखे काढलेत, तीन पात्यांचे. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना कळायला नको का?"

पुढच्या रविवारी आईकडे जाणार. मेणाचे दात तोंडात बसवून बघायचेच आहेत. तिला आता दवाखान्याचा जिना चढवत नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, तुम्हीच बघून घ्या.

२१ फेब्रुवारी

बसमध्येच लिहायला घेतलं होतं, अक्षर हललं. आता घरी येऊन लिहिते, एकही शब्द सांडायच्या आत.

वहिनीने दार उघडलं. दादा बाहेर गेलेला. आई खिडकीपाशी खुर्चीत, गालांच्या दोन खळग्यांमध्ये तोंड हरवलेलं. मी डबी उघडली. "चावायचं नाही, गिळायचं नाही, चहा प्यायचा नाही. मेण आहे."

"मग करायचं काय?" आई म्हणाली. "शोभेला ठेवायचेत?"

बसवले. गाल भरले. एकदम वीस वर्षं मागे गेली! वहिनीने आरसा धरला. आईने जीभ पुढच्या दातांवरून फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली.

"फट ठेवलीश."

"डॉक्टरांनी सरळ दात लिहिले होते."

"मग?"

"त्यांनी तुला रिबीन धरताना पाहिलंय का?"

आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मग मी विचारलं. मेण तोंडात असतानाच! थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. म्हटलं, "आई, दारामागच्या कॅलेंडरवर तू फुल्या मारायचीस. त्या माझ्या होत्या का?"

"तुझ्या? तुझ्या कशा अशतील?" मग तिने दोन्ही कवळ्या स्वतःच काढल्या, मांडीवर रुमालात ठेवल्या आणि मोकळ्या हिरड्यांनी म्हणाली, "त्या माझ्या, ठकू. पाळीच्या."

ठकू. किती वर्षांनी!

"थांबायचीच नाही. पंधरा-पंधरा दिवस. मग दोन महिने पत्ता नाही, मग पुन्हा. अंगाची लाही. झोप नाही. कुणी हळू बोललं तरी डोक्यात घण पडायचे."

"डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"पुरुष डॉक्टर. काय सांगू त्याला? त्याने विचारलंच तर दाखवता यावं म्हणून फुल्या मारून ठेवत होते. दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. आत पाय टाकवला नाही."

वहिनी उभीच होती, आरसा हातात.

"आणि मला का पाठवलंस?"

तिने रुमालाची टोकं दातांवर दुमडली. मग म्हणाली, "शिवत होते. तू मागून येऊन 'आई' म्हणालीस, एवढंच. मी हातातली कात्री फेकली. तुझ्या कानाजवळून गेली, दाराला लागली. तुला आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं! दाराला टवका होता, तो आठवतो. बोट घालून बसायचे मी त्यात.

"तुझे बाबा फिरतीवर. दादा नोकरीला लांब. घरात तू आणि मी. मला वाटलं, मला वेड लागतंय. पुढच्या वेळी नेम चुकायचा नाही. सिस्टर लोकांकडे निदान धड राहशील."

"मला सांगायचं तरी!"

"बारा वर्षांच्या पोरीला? काय सांगू, की आईला भी म्हणून? त्यापेक्षा म्हटलं, रागावू दे माझ्यावर."

मी तिच्या पायाशी बसले होते. तेवढ्यात मला वाफ आली, कानापर्यंत लाल झाले असेन. तिने ओळखलं. माझे केस मानेवरून उचलले आणि फुंकर घातली. शहाऐंशी वर्षांची फुंकर, किती ती! पण गार.

"अजून जायचीय ना तुझी? केस वर बांधत जा." आणि वेणी घालायला लागली. पेड एकसारखे पडत नव्हते. रबर तोंडाकडे नेलं, मग आठवलं असेल, दात नाहीत. माझ्या हातात दिलं. "धर."

मी धरलं. मान सरळ ठेवली. हलले नाही.

निघताना तिने कपाटावरून एक गुंडाळी काढायला सांगितली. सुतळी बांधलेली. वहिनी म्हणाली, "अगं बाई! तीस वर्षं धूळ झटकते मी याची. मला वाटायचं घराचे कागद!" आई म्हणाली, "घराचेच."

वहिनी फाटकापर्यंत आली. म्हणाली, "ठकू, मलाही झालं होतं हे. नळ सोडून रडायचे मी मोरीत. सासूबाई बाहेर बसलेल्या असायच्या. त्यांना कळत असेल का गं?"

२२ फेब्रुवारी

गुंडाळी उघडली. दोन वर्षांची कॅलेंडरं. पेन्सिल पुसट झालीय, पण आहे.

ओळीने चौदा फुल्या आहेत. मी मोजायला चुकले नव्हते.

जुलैपासून दुसरी खूण सुरू होते — गोल. महिन्याच्या पहिल्या रविवारी. होस्टेलवर भेटीचा दिवस! सिस्टर फाटक उघडायच्या, आम्ही मुली बाकावर ओळीने बसायचो, केस ओले करून चापूनचोपून. ज्यांचं कुणी आलं त्या उठून जायच्या. संध्याकाळी बाकावर उरायच्या त्यांना सिस्टर बागेला पाणी घालायला सांगायच्या. मी पुष्कळ पाणी घातलंय.

जुलै ते एप्रिल, दहा रविवार. दहा गोल. आई चारदा आली होती, मला पक्कं माहीत आहे. उरलेल्या सहा गोलांत फुली आहे.

सहाही गोलांत. गोल आधी काढलेला, गडद, दोनदा गिरवलेला. फुली नंतरची.

बसचे तीन तास. ती निघूच शकत नव्हती. आणि मी पाणी घालत होते आणि मनात म्हणत होते, ती येत नाही ना, मग मीही तिच्यावर माया करणार नाही. आणि केली नाही! शब्द पाळला मी. इतकी गुणी मुलगी.

२६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना माझं कॅलेंडर दाखवलं. लेकीचे पंखे बघून हसली. गोळ्यांनी फरक आहे, पण अजून एखादा महिना जोर राहील, जड उचलू नका, प्रवास जपून म्हणाली. मग मी पिशवीतून आईचं काढलं. तिने टेबलावर पसरलं, बोट फिरवत गेली. हसू मावळलं.

"ही पेशंट कोण?"

"माझी आई. एकोणचाळीस वर्षांपूर्वी."

"उपचार काय घेतले?"

"काही नाही. कुणाला दाखवलंच नाही. तुम्ही पहिल्या."

तिने पुन्हा पहिल्या पानापासून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "या उभ्या कशा राहिल्या हो?" आणि तिने पेन घेतलं, माझ्या फाइलमध्ये आईची नोंद केली. तारखा, दिवस, सगळं. वेळ लावून. बाहेर रांग असताना.

आईला फोन केला. म्हटलं, "आई, डॉक्टरांनी पाहिलं तुझं कॅलेंडर." ती म्हणाली, "काय म्हणाला?" म्हटलं, "बाई आहे. तू वेडी नव्हतीस म्हणाली."

मग म्हणाली, "पुन्हा सांग."

४ मार्च

कवळी झाली. मेण गेलं, त्या जागी गुलाबी हिरडी आली. चकाकी मशीनवर घेणार होती, मी म्हटलं, ही माझी मी घासणार. कडा पुन्हा पुन्हा बोटाने पाहिल्या, कुठे टोचायला नको. तिची हिरडी पातळ झालीय. फट तेवढीच राखली, एका रिबिनीएवढी.

रविवारी घेऊन जाते. लेकही येणार आहे. "आजीला पंखे दाखवते," म्हणाली. आजवर आजीपाशी ती दहा मिनिटांवर बसलेली नाही, मीच बसू दिलं नाही.

फ्रिजवर तारखेला गोल केला. मग लक्षात आलं — महिन्याचा पहिला रविवार! मुद्दाम नव्हता निवडला.

७ मार्च

साडी नेसून तयार होते. पिशवीत डबी. आणि दारातच सुरू झालं. असं कधी गेलं नव्हतं. भिंत धरून बसले. लेकीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, गोळ्या दुप्पट, पाय वर, आज घराबाहेर नाही. नवरा म्हणाला, "मी देऊन येतो डबी." मी नाही म्हटलं. बसवायला मीच हवी.

लेकीने न विचारता पेन घेतलं. गोलात फुली.

आईला फोन केला. मला बोलवेचना. ती म्हणाली, "ठकू, अंगावरून जातंय का?" म्हटलं, "हो." "मग पडून राहा. मला कळतं ना. पडून राहा, मी थांबते."

ती बाकावर बसलीय असं वाटत राहिलं दिवसभर. केस ओले करून.

११ मार्च

सकाळी सहाला दादाचा फोन आला. आई झोपेतच गेली. लेक टॅक्सी बोलावतेय. दादाला फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून वाटेत वाचून दाखवायला लिहिते.

शिवणयंत्र वहिनीला. तिने मागितलं नाही, मागणारही नाही, म्हणून आधी लिहिलं. खिडकीतली खुर्ची दादाने ठेवावी. जुनी ढिली कवळी चकाकीला, तिला तेव्हा चकाकी तिनेच दिली होती. कात्री मला.

दोन्ही कॅलेंडरं लेकीला. माझ्यामागे नव्हे, आजच.

नवी कवळी आईला. हनुवटीला पट्टी बांधू नका, मी पोचेपर्यंत थांबा. मी बसवीन.